धावताना छातीत दुखते तेव्हा : कोरोनरी धमनीच्या जन्मजात दोषाचा तपास कसा करून घ्यावा

गोव्यातल्या एका इस्पितळात मी सव्वीस वर्षे इसीजी काढले. छातीला, मनगटांना आणि घोट्यांना तारा लावायच्या, रुग्णाला हलू नये म्हणून सांगायचे आणि यंत्रातून सरकत येणारा गुलाबी चौकटींचा कागद फाडून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा, एवढे माझे काम. कागद वाचणे माझ्याकडे नव्हते. पण इतक्या वर्षांत तो थोडाफार वाचता येऊ लागतो, आणि त्या थोड्याफार येण्यानेच माणूस फसतो. फुटबॉलच्या सरावात छातीत दुखते म्हणून डिचोलीकडचा पंधरा वर्षांचा एक मुलगा आला होता. त्याचा कागद अगदी स्वच्छ निघाला. बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आईने "ताई, कसा आला?" असे विचारले, तेव्हा सांगण्याचा अधिकार नसताना मी "नॉर्मल आहे, काळजी करू नका" असे बोलून गेले. चार महिन्यांनी तोच मुलगा चढावावर धावताना कोसळला. सुदैवाने तो मिनिटभरात शुद्धीवर आला आणि पुढे सीटी अँजिओग्राफीत दिसले की त्याची डावी कोरोनरी धमनी, म्हणजे हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरवणारी धमनी, जन्मापासूनच चुकीच्या जागेहून निघालेली आहे. कागद खोटा नव्हता. पलंगावर शांत पडलेल्या हृदयाचा तो कागद होता, आणि मी त्यात धावणाऱ्या हृदयाचे उत्तर वाचले होते.

त्या आईला तेव्हा जे सांगायला हवे होते, ते येथे क्रमाने लिहिते आहे. निदान आणि उपचार डॉक्टरांनीच करायचे आहेत. परंतु डॉक्टरांसमोर काय मांडायचे, कोणती तपासणी कशासाठी असते आणि अहवाल हातात आल्यावर त्यातल्या कोणत्या ओळीवर बोट ठेवून विचारायचे, हे घरच्या माणसांना माहीत असेल तर अशा रुग्णाचे महिनेच्या महिने वाचतात.

दोष नेमका कुठे असतो

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते, पण स्वतःच्या स्नायूसाठी त्याला आतल्या रक्ताचा उपयोग होत नाही. त्याला वेगळा पुरवठा लागतो. महाधमनी हृदयातून बाहेर पडते तिथे झडपेच्या लगेच वर तिला तीन फुगीर कप्पे असतात. त्यांपैकी उजव्या कप्प्यातून उजवी कोरोनरी धमनी निघते आणि डाव्यातून डावी. तिसऱ्यातून काहीच निघत नाही. डावीचे मुख्य खोड आखूड असते आणि थोड्याच अंतरावर तिच्या दोन मोठ्या फांद्या होतात, एक हृदयाच्या पुढच्या बाजूने खाली उतरणारी आणि दुसरी मागे वळणारी. कुळागरातल्या पाटाचे पाणी कोणत्या पोफळीला कोणत्या दांडाने पोचते, हे जसे आधीच ठरलेले असते, तसेच हृदयाच्या कोणत्या भागाला कोणती धमनी रक्त देणार हे ठरलेले असते.

काही माणसांत ही रचना गर्भातच वेगळी होते. डावी धमनी उजव्या कप्प्यातून निघते किंवा उजवी डाव्यातून. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा जास्त आढळतो आणि पहिला अधिक धोक्याचा मानला जातो. चुकीच्या बाजूने निघालेल्या धमनीला आपल्या प्रदेशात पोचण्यासाठी वळसा घ्यावा लागतो, आणि तो वळसा कुठून जातो यावर जवळजवळ सगळे अवलंबून असते. महाधमनीच्या मागून गेला तर बहुतेक वेळा आयुष्यभर काही त्रास होत नाही. महाधमनी आणि फुप्फुसधमनी या दोन मोठ्या नळ्यांच्या मधून गेला तर मात्र गोष्ट वेगळी.

अशा धमनीचा सुरुवातीचा तुकडा पुष्कळदा महाधमनीच्या भिंतीच्या आतूनच जातो. तिचे तोंड गोल नसते, शर्टाच्या काजासारखी नुसती चीर असते, आणि ती भिंतीला जवळजवळ चिकटून तिरकी निघते. माणूस बसलेला असतो तेव्हा त्या चिरेतून पुरेसे रक्त जाते. धावू लागला की महाधमनी दाबाने फुगते, भिंत ताणली जाते, चीर आणखी मिटते आणि भिंतीतला तुकडा चपटा होतो. त्यात हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळते, आणि ठोके वाढले की तो विसावाच आखडतो. म्हणजे मागणी सर्वांत मोठी असते नेमक्या त्याच क्षणी पुरवठा तुटतो. छातीत दुखते ते यामुळे. आणि हृदयाचा ताल बिघडून माणूस कोसळतो तोही यामुळेच. या धमन्यांत चरबीचा थर नसतो, कोलेस्टेरॉलचा प्रश्न नसतो. म्हणूनच "या वयात हृदयाचे कसले दुखणे" हे वाक्य अशा घरांत हमखास ऐकू येते.

असे दोष किती जणांत असतात याचा अंदाज येण्यासाठी एक जुना आकडा सांगते. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये अँजिओग्राफी झालेल्या १,२६,५९५ रुग्णांची नोंद १९९० साली प्रसिद्ध झाली; त्यांत सुमारे १.३ टक्के रुग्णांत कोरोनरी धमन्यांची काही ना काही जन्मजात विसंगती आढळली, आणि त्यांतल्या बहुसंख्य निरुपद्रवी होत्या. तेव्हा अहवालात "विसंगती" हा शब्द दिसला म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही. परंतु तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूंच्या कारणांत हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या विकाराबरोबर या दोषाचे नाव नेहमी वर असते. पीट मॅरविच हा अमेरिकेचा नामांकित बास्केटबॉलपटू ५ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मित्रांबरोबर साधा खेळ खेळताना कोसळून गेला. शवविच्छेदनात कळले की त्याला डावी कोरोनरी धमनी नव्हतीच. तोवर तो वर्षानुवर्षे व्यावसायिक सामने खेळला होता.

कोणते दुखणे गंभीर मानावे

मुलांच्या आणि तरुणांच्या छातीत दुखण्याची बहुतेक कारणे हृदयाबाहेरची असतात. बरगडीच्या सांध्यावर बोट दाबले की नेमके तेच दुखणे उमटते, खोल श्वासाने किंवा कूस बदलल्याने वाढते, एका बोटाने जागा दाखवता येते, तर ते बहुधा स्नायूचे किंवा हाडाच्या सांध्याचे असते. जेवणानंतर जळजळ होऊन आंबट ढेकर येत असतील तर ते पित्त. धावल्यावर छाती आवळून खोकला आणि घरघर होत असेल तर दम्याचा विचार करावा लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री येणारी धडधड वेगळी.

गंभीर मानायचे ते श्रमाशी बांधलेले दुखणे. धावताना, पोहताना, जिना किंवा टेकडी चढताना छातीच्या मध्यभागी दाब येतो, रुग्ण बोट न दाखवता पंजा किंवा मूठ छातीवर ठेवतो, थांबल्यावर काही मिनिटांत ओसरतो आणि पुन्हा तेवढेच श्रम केले की परत येतो. आपल्याकडे शिगमोत्सवाच्या मिरवणुकीत ढोल गळ्यात घालून तासन्तास चालणारी आणि रोमटामेळात नाचणारी मुले असतात. तिथेच पहिल्यांदा त्रास जाणवला आणि घरी "ऊन लागले असेल" म्हणून आमसुलाचे पाणी देऊन विषय मिटला, असे मी एकाहून अधिक घरांतून ऐकले आहे. आमसुलाच्या पाण्याने अपाय काहीच होत नाही. पण दुखणे विश्रांतीने थांबलेले असते आणि श्रेय आमसुलाला जाते, एवढीच अडचण.

चक्कर येऊन पडण्याबाबत एक भेद काटेकोरपणे करावा. शाळेच्या प्रार्थनेला बराच वेळ उभे राहून, उन्हात, उपाशीपोटी किंवा सुई पाहून येणारी चक्कर सहसा साधी असते. तिच्या आधी डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, मळमळते. भर धावेत, चेंडूमागे जाताना, पोहत असताना कोणतीही पूर्वसूचना न देता शुद्ध हरपणे हे तसे नव्हे. श्रम चालू असताना माणूस एकदा जरी कोसळला, तरी हृदयाची पूर्ण तपासणी होईपर्यंत त्याला मैदानावर पाठवू नये. यात मी तडजोड सुचवणार नाही, प्रशिक्षक कितीही आग्रह धरो आणि आंतरशालेय स्पर्धेची अंतिम फेरी कितीही जवळ असो.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी

बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एका रुग्णासाठी फार वेळ मिळत नाही, त्यामुळे "छातीत दुखते" या दोन शब्दांनी सुरुवात केली तर पुढचे प्रश्न पित्ताकडे वळण्याचा संभव मोठा. म्हणून आठ-दहा दिवसांची टिपणवही करावी, आणि ती रुग्णानेच लिहावी, कारण मुले आईसमोर दुखणे कमी करून सांगतात आणि आई ते डॉक्टरांसमोर वाढवून सांगते. दुखणे आले तेव्हा काय चालले होते, किती वेळाने आले, थांबल्यावर किती मिनिटांत गेले, हात, जबडा किंवा पाठीकडे गेले का, सोबत धडधड, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी होती का, एवढे पुरते. त्या डिचोलीच्या मुलाच्या वहीत नंतर एक नोंद होती : "मैदानाच्या दुसऱ्या फेरीला दुखते, पहिल्या फेरीला नाही. बसलो की पाच मिनिटांत जाते." एवढ्या दोन वाक्यांवरून डॉक्टरांनी त्याच दिवशी पुढच्या तपासण्या लिहिल्या. वही मात्र जुनी घटना आठवून लिहायची आहे. नोंद मिळावी म्हणून मुलाला मुद्दाम धावायला लावू नये.

कुटुंबाचा इतिहासही लिहून न्यावा. पस्तिशीच्या आत कोणी अचानक गेले का, कोणी पोहताना बुडाले का, आणि बुडणारा पट्टीचा पोहणारा होता का, हे आजी-आजोबांना विचारावे. लहानपणी बराच ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे आणि लाल जीभ असा कावासाकी आजार झाला असेल तर तेही सांगावे, कारण त्याने कोरोनरी धमन्यांना फुगवटे येतात आणि लक्षणे मिळतीजुळती असू शकतात.

दुखण्यावर घरी काय देऊ नये, हेही येथेच सांगते. आजोबांच्या डब्यातली जिभेखालची गोळी नातवाला देण्याची हौस अनेक घरांत असते. तिने रक्तदाब एकदम उतरतो. शिवाय धमनीचा तुकडा स्नायूखाली दडलेला असेल, तर त्या गोळीने त्याच्यावरचा दाब कमी न होता वाढू शकतो.

तपासण्या, आणि प्रत्येकीची मर्यादा

गोव्यात सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातून किंवा म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतून करता येते आणि हृदयरोगतज्ज्ञांसाठी बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पाठवले जाते. स्टेमी गोवा या उपक्रमामुळे ग्रामीण केंद्रात काढलेला इसीजी गोमेकॉतल्या तज्ज्ञांपर्यंत तत्काळ पोचतो आणि हृदयविकाराच्या झटक्यावर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे देता येते. ही सोय उत्तम आहे. पण ती गुठळीने बंद झालेली धमनी ओळखण्यासाठी आहे. आपल्या विषयातला दोष तिच्या जाळ्यात सापडेलच असे नाही.

याचे कारण आकड्यांत सांगता येईल. या दोषाने मृत्यू आलेल्या २७ तरुण खेळाडूंचा इटली आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ज्या नऊ जणांचा इसीजी हयातीत काढला होता, त्या नवांचाही तो नॉर्मल होता. आणि ज्या सहा जणांची पूर्ण श्रमापर्यंत स्ट्रेस टेस्ट, म्हणजे श्रम करायला लावून काढलेला इसीजी, झाली होती, त्या सहांचीही ती नॉर्मल होती. मी इसीजी काढत होते त्या सगळ्या वर्षांत हे वाक्य आमच्या खोलीच्या भिंतीवर लावलेले असते तर बरे झाले असते. तात्पर्य असे नव्हे की या तपासण्या निरुपयोगी आहेत. त्यांत दोष दिसला तर तो मोलाचा पुरावा असतो. काही दिसले नाही, तर मात्र प्रश्न संपत नाही.

टूडी इको ही पुढची पायरी, आणि लहान मुलांत ती फार उपयोगी ठरते, कारण त्यांच्या छातीची भिंत पातळ असते आणि दोन्ही धमन्यांची तोंडे ध्वनिलहरींनी दाखवता येतात. अट एकच, ती शोधली पाहिजेत. नेहमीच्या इकोत हृदयाचे पंपिंग, झडपा आणि पडदे पाहिले जातात आणि धमन्यांच्या उगमाचा अहवालात उल्लेखही नसतो. म्हणून इको करण्यापूर्वीच नम्रपणे सांगावे की दुखणे श्रमाच्या वेळी येते, तेव्हा दोन्ही कोरोनरी कुठल्या कप्प्यातून निघतात ते पाहून लिहावे. नम्रपणे म्हणते ते अनुभवाने. तपासणी करणाऱ्याला शिकवायला आल्याच्या सुरात बोलले तर पडदा आणि मन दोन्ही बंद होतात. मोठ्या माणसांत, विशेषतः स्थूल व्यक्तींत, इकोने ही तोंडे नीट दिसत नाहीत.

निर्णायक चित्र मिळते ते सीटी कोरोनरी अँजिओग्राफीने. छातीचा साधा सीटी स्कॅन आणि ही तपासणी एकच नव्हेत. हिच्यात यंत्र इसीजीच्या ठोक्यांशी जुळवून घेतलेले असते, त्यामुळे हलत्या हृदयाचे स्थिर चित्र मिळते. नाव नोंदवतानाच ही इसीजीशी जुळवलेली कोरोनरीची तपासणी आहे ना, हे विचारून घ्यावे. आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी टाळावी, कारण ठोके साठ-पासष्टच्या आसपास असतील तर चित्र चांगले येते. त्यासाठी बहुधा ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकरची गोळी दिली जाते, म्हणून दमा असेल तर तो आधी सांगायचा. मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी लागते, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा धमन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून टोचतात त्या डायची पूर्वी ॲलर्जी आली असेल, तर तेही सांगणे आवश्यक. तरुण स्त्रीने गर्भधारणेची शक्यता असल्यास ती लपवू नये.

प्रत्यक्ष तपासणी काही मिनिटांची असते. हाताच्या कोपराजवळ सुई बसवतात, टेबल यंत्राच्या कड्यात सरकते आणि ध्वनिक्षेपकातून "श्वास घ्या, धरून ठेवा" असे सांगितले जाते. डाय शरीरात शिरताना घशापासून ओटीपोटापर्यंत एक ऊब पसरते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. तशी ती झालेली नसते, पण मुलाला हे आधी सांगितले नाही तर तो दचकून हलतो आणि चित्र पुसट होते. घरी दोन-तीन दिवस दहा सेकंद श्वास रोखण्याचा सराव करावा. फार लहान मुलांत किरणोत्सर्ग टाळायचा असेल तर एमआरआयचा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात.

अहवालात काय पाहावे

अहवाल इंग्रजीत असतो आणि शेवटच्या "इंप्रेशन" या भागावरच सगळ्यांची नजर जाते. वरचा भागही वाचावा. "अनॉमलस ओरिजिन" म्हणजे उगम चुकीच्या ठिकाणी आहे. त्यापुढे डावी की उजवी, आणि कोणत्या सायनसमधून, म्हणजे कप्प्यातून, हे लिहिलेले असते. सर्वांत महत्त्वाचा शब्द "कोर्स", म्हणजे धमनीचा मार्ग. "रेट्रोएऑर्टिक" म्हणजे महाधमनीच्या मागून आणि "प्रीपल्मोनिक" म्हणजे फुप्फुसधमनीच्या पुढून. हे दोन्ही मार्ग सहसा निर्धोक. "इंटरआर्टेरियल" म्हणजे दोन मोठ्या नळ्यांच्या मधून, आणि येथे थांबून तज्ज्ञांशी सविस्तर बोलावे लागते. "इंट्राम्युरल" म्हणजे भिंतीतून जाणारा तुकडा, आणि "स्लिट-लाइक ऑस्टियम" म्हणजे वर सांगितलेली काजासारखी चीर. हे शब्द अहवालात नसतील आणि मार्ग मात्र मधला असेल, तर तोंडाचा आकार आणि भिंतीतल्या तुकड्याची लांबी पाहिली का, असे विचारणे रास्त आहे. तपासणीची सीडी मागून घ्यावी. दुसऱ्या तज्ज्ञाला कागद नव्हे, चित्र पाहायचे असते.

"मायोकार्डियल ब्रिज" हा शब्द हल्ली पुष्कळ अहवालांत दिसतो. धमनी हृदयाच्या पृष्ठावरून जाण्याऐवजी थोडे अंतर स्नायूखाली शिरते आणि पुन्हा वर येते, आणि हे बहुतेक वेळा डावीच्या पुढच्या फांदीत होते. असंख्य निरोगी माणसांत हा पूल असतो, त्यामुळे तो सापडला म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे समजू नये. त्रास त्यामुळेच होतो असे ठरले तर प्रथम बीटा ब्लॉकर देतात. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

दोष धोक्याचा ठरला तर

डावी धमनी उजव्या कप्प्यातून निघून दोन नळ्यांच्या मधून जात असेल, तर तरुण वयात लक्षणे नसतानाही शस्त्रक्रियेचा सल्ला बहुधा दिला जातो. उजवी डाव्यातून निघत असेल तर लक्षणे आहेत का आणि श्रमाच्या वेळी स्नायूला रक्त कमी पडते असा पुरावा मिळतो का, यावर निर्णय होतो. काहीच नसेल तर देखरेखीखाली ठेवणेही योग्य असते. साठीच्या माणसाला इतर कारणाने केलेल्या अँजिओग्राफीत हाच दोष योगायोगाने सापडला, तर त्याचा अर्थ पंधरा वर्षांच्या मुलापेक्षा वेगळा लावतात, कारण अचानक मृत्यूचा धोका मुख्यतः तरुण वयातला आणि जोराच्या श्रमाचा आहे.

भिंतीतल्या तुकड्यासाठी जी शस्त्रक्रिया करतात तिला अनरूफिंग म्हणतात. महाधमनी उघडून धमनी आणि महाधमनी यांच्यामधले आतले छप्पर कापून काढतात, म्हणजे काजासारखी चीर जाऊन योग्य कप्प्याकडे रुंद तोंड तयार होते. काही रुग्णांत धमनी सोडवून योग्य जागी नव्याने बसवतात. येथे नातेवाइकांचा पहिला प्रश्न "स्टेंट टाकून भागणार नाही का?" असा असतो. तरुणांतल्या या दोषावर स्टेंट हा नेहमीचा उपाय नाही, कारण अडचण आतल्या अडथळ्याची नसून जागेची आणि बाहेरच्या दाबाची आहे. शल्यचिकित्सकाला विचारायचा खरा प्रश्न असा की जन्मजात हृदयदोषांच्या, त्यातही या दोषाच्या, किती शस्त्रक्रिया त्यांच्या हातून झाल्या आहेत. हा प्रश्न विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा स्ट्रेस टेस्ट करून, ती समाधानकारक असेल आणि लक्षणे नसतील, तर खेळाकडे परतण्याचा विचार होतो.

खर्चासाठी राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. किमान पाच वर्षे गोव्यात वास्तव्य असलेल्या कुटुंबांसाठी ती असून तीन किंवा कमी सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख रुपयांपर्यंत आणि चार किंवा अधिक सदस्यांना चार लाखांपर्यंत संरक्षण मिळते. कार्ड चालू आहे की मुदत संपली आहे, हे दाखल होण्याच्या दिवशी कळण्यापेक्षा आजच पाहावे, आणि आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे तारीख ठरण्यापूर्वी इस्पितळातल्या योजनेच्या खिडकीवर विचारावे.

निदान होईपर्यंतच्या दिवसांत

चालणे, शाळा, घरातली हलकी कामे चालू ठेवावीत. स्पर्धात्मक खेळ, पोहणे, धावण्याचा सराव आणि व्यायामशाळेत जड वजने उचलणे बंद ठेवावे. शाळेला वैद्यकीय चिठ्ठी द्यावी आणि शारीरिक शिक्षणाच्या सरांना प्रत्यक्ष भेटून सांगावे, कारण चिठ्ठी कार्यालयात राहते आणि मुलगा मैदानावर असतो.

श्रमात कोणी कोसळला आणि हाकेला प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ला फोन करावा आणि दुसऱ्याने क्षणही न दवडता छातीच्या मध्यभागी, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायला लागावे. आचके देणारा श्वास म्हणजे श्वास नव्हे. तोंडात पाणी ओतू नये, कांदा हुंगवू नये. विजेचा झटका देणारे एईडी यंत्र जवळ असेल तर ते चालू करावे; पुढे काय करायचे ते यंत्र स्वतःच बोलून सांगते. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपो संघाचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना कोसळला आणि गेला, हे गोव्यातले फुटबॉलप्रेमी विसरलेले नाहीत. त्या घटनेचा या दोषाशी संबंध जोडायचा नाही. परंतु आपल्या गावच्या मैदानावर स्पर्धा भरते तेव्हा एईडी आणि ते वापरणारा माणूस कुठे आहे, हे संयोजकांना विचारण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे.

तान्ह्या बाळाचे वेगळे रूप

याच कुळातला एक दोष अगदी लहान वयात प्रकट होतो. त्यात डावी कोरोनरी धमनी महाधमनीऐवजी फुप्फुसधमनीतून निघते. १९३३ साली ब्लँड, व्हाइट आणि गारलँड यांनी त्याचे वर्णन केले. तो अतिशय विरळ आहे, सुमारे तीन लाख जन्मांत एक, पण उपचार न झाल्यास बहुतेक बाळे पहिल्या वर्षातच दगावतात. जन्मानंतर काही आठवडे फुप्फुसधमनीतला दाब जास्त असतो तोवर बाळ ठीक दिसते. दाब उतरला की डाव्या धमनीत रक्त शिरेनासे होते. बाळ अंगावर पिऊ लागते, चार घोट घेऊन सोडून देते, कपाळावर आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब जमतात, चेहरा फिकट पडतो आणि ते असे रडते की पोटशूळ समजून गुटी उगाळली जाते. दूध पिणे हाच त्या वयातला सर्वांत मोठा श्रम, आणि छातीत दुखते हे सांगायला बाळाकडे रडण्याशिवाय काही नसते. पिताना घाम, धाप आणि वजन न वाढणे ही तिन्ही एकत्र दिसली तर बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवावे. येथे मात्र माझा गुलाबी कागद पुष्कळदा मदतीला येतो. या बाळांच्या इसीजीत डाव्या बाजूच्या ठरावीक लीडमध्ये खोल खुणा दिसतात. शस्त्रक्रियेने धमनी महाधमनीला जोडली की थकलेले हृदय बऱ्याच बाळांत आश्चर्य वाटावे इतके सुधारते.

एकाच घरात असे दोष पुन्हा आढळणे दुर्मीळ आहे, पण अगदी अशक्य नाही. म्हणून धोक्याचा प्रकार निघाल्यास सख्ख्या भावंडांचा इको करावा का, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे. डिचोलीच्या त्या मुलाच्या धाकट्या बहिणीला घेऊन तिची आई आली, तेव्हा तिने मला पुन्हा "कसा आला?" असे विचारले. मी कागद घडी न घालता तिच्या हातात दिला आणि इकोच्या खोलीचा दरवाजा दाखवला.